माझं वजन करणारे पाच जण

मी तपासलेला एकही वजनकाटा सव्वीस वर्षांत कंपनीत परत आलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बरीच शोभा झालेली आहे. माणसाने शोभेच्या आधी आपलं मोठेपण सांगून घ्यावं, नंतर कुणी ऐकत नाही.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले. बाहेर पडण्याआधी प्रत्येक काटा शेवटच्या खोलीत येतो, आणि त्या खोलीत मी असतो. मखमलीच्या खाचेतलं पितळी वजन चिमट्याने उचलायचं (हाताने नाही, हाताचा घाम लागला की वजन बदलतं, हे माझ्या बायकोलाही पाठ झालंय), काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, अहवाल लिहायचा आणि खाली दोनच शब्द टाकायचे: ‘तपासला. योग्य.’ नाहीतर एकच: ‘परत.’ ह्या एका शब्दामुळे कंपनीत मला ‘परतसाहेब’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. पण माझे कान शाबूत आहेत.

तर आमचे विभागप्रमुख निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची खुर्ची मला मिळायची होती. असं कुणी बोललं नव्हतं, पण बोलायचंय काय त्यात? प्रमुख सोडले तर आमच्या खोलीत माणसं दोन. एक मी आणि दुसरी नवी. नवीला येऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून ती नवीच राहिली. तिला मी घडवली. तिचा पहिला अहवाल मी अकरा वेळा परत केला होता. अकराव्या वेळी सगळं बरोबर होतं, फक्त खोलीचं तापमान लिहायचं राहिलं होतं. ‘तापमानाने एवढं काय होतंय, सर?’ असं ती म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘धातू तापला की पसरतो,’ एवढंच म्हणून मी कागद तिच्या हातात दिला. बारावा बरोबर आला. तेव्हापासून तिचा एकही कागद मला परत करावा लागलेला नाही, आणि खरं सांगू का, त्याची मला थोडी चुटपुटच लागून राहिली आहे.

खुर्चीबद्दल माझी इतकी खात्री होती की एका दुपारी प्रमुख जेवायला गेले असताना मी तिच्या पाठीचं माप घेतलं. बायकोने त्या मापाची एक उशी शिवायला घेतली. माझी कंबर दुखते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि मग एचआरच्या मॅडमनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावलं.

‘ह्या वर्षीपासून तुमचं मूल्यमापन एकटे साहेब करणार नाहीत,’ मॅडम म्हणाल्या (साहेब म्हणजे प्रमुखांच्याही वरचे, अख्खी कंपनी चालवणारे). ‘पाच जण तुमच्याबद्दल अभिप्राय देतील. त्यातले एक साहेब, ते सक्तीचे. बाकीचे चार तुम्हीच निवडायचे. दोन तुमच्यासोबत काम करणारे, एक तुमचा माल पुढे जिथे जातो तिथला आणि एक बाहेरचा, आपला काटा वापरणारा. प्रमुखाची जागाही ह्याच अभिप्रायांवर ठरेल.’

हॉलमध्ये आनंदीआनंद झाला. आपला परीक्षक आपणच निवडायचा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी मात्र हसलो नाही. सव्वीस वर्षं मी सगळ्यांच्या कामावर ‘परत’ लिहीत आलो होतो. आता त्यांच्यातलेच चार जण शोधून ‘बाबांनो, माझ्याबद्दल दोन शब्द लिहा’ म्हणायचं होतं.

घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो. ‘ज्यांचं तुमच्याबद्दल मत चांगलं आहे त्यांची नावं लिहा की,’ बायको म्हणाली. दोघांचा चहा संपला तरी कागद कोराच.

‘मी आहेच,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तुझं माझ्याबद्दल मत चांगलं आहे?’

‘असं काही विचारतात का, अहो!’ असं म्हणून ती कपबशा उचलून आत गेली. उत्तर मिळालं नाही, ह्याची मी मनात नोंद केली.

समोरच्या घरात निवृत्त मुख्याध्यापक राहतात. आम्ही त्यांना हेडसर म्हणतो. सल्ला मागायला त्यांच्याकडे जावं लागत नाही, दार उघडं असलं की ते स्वतःच येतात.

‘मित्र निवडू नका,’ हेडसर बसता बसता म्हणाले. ‘मित्राला आपलं सगळं माहीत असतं.’

‘मग काय, शत्रू निवडू?’

‘छे! कंटाळलेला माणूस शोधा. कंटाळलेला माणूस डोळे मिटून दहापैकी सात देतो. मी चौतीस वर्षं दिले. एका पोराने तक्रार केली नाही.’

उंटावरचा शहाणा म्हणून मी त्यांचं बोलणं सोडून दिलं, पण त्यातला एक मुद्दा मनात रुतला. माणूस कसा मार्क देतो ते आधी कळलं पाहिजे. आणि मग एकदम लखकन डोक्यात आलं. अरे, मी कोण? मी काटे तपासणारा! कुठलाही काटा वापरण्याआधी काय करायचं? त्यावर माहितीतलं वजन ठेवायचं आणि तो किती दाखवतो ते बघायचं. काटा दहा टक्के कमी दाखवत असेल तर दाखवो बापडा, आपण तेवढे मिळवून घ्यायचे. माणसांचंही तसंच. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो!

आता माहितीतलं वजन म्हणून काय घ्यायचं? मी आमच्या उपाहारगृहातला चहा घेतला. तो सव्वीस वर्षं पितोय. त्याचं खरं मोल दहापैकी पाच. सव्वापाच नाही, पावणेपाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तपासणी सुरू केली. अर्थात ताकाला जाऊन भांडं लपवतच. सहज गेल्यासारखं जायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि मग, ‘बरं, आपल्या चहाला दहापैकी किती द्याल हो?’

स्टोअरकीपर म्हणाला, ‘दोन. तेही पाण्याला.’

पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, ‘नऊ! अहो, कुणीतरी आपल्याला हातात आणून देतंय, हेच केवढं आहे.’

आमचे काटे पोचवणारा टेम्पोवाला म्हणाला, ‘पाच.’ मी हरखलो. खात्री करावी म्हणून हॉलमधल्या घड्याळाला किती ते विचारलं. ‘पाच.’ आणि नव्या खुर्च्यांना? ‘पाच.’

‘अहो, पण तुम्ही त्या खुर्चीवर कधी बसलाच नाहीत.’

‘म्हणून तर पाच.’

साहेबांनी सोमवारी आठ दिले आणि शुक्रवारी तीन. चहा तोच होता, मी स्वतः दोन्ही वेळा प्यायलो.

शेवटी नवीला विचारलं. तिने एक घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं, दुसरा घोट घेतला. ‘पाच, सर,’ ती म्हणाली. ‘पाणी उकळायच्या आधी पूड टाकतात हो हे.’

अगदी माझंच मत! शब्दन् शब्द! मी टेबलाशी जाऊन बसलो.

मग मी तक्ता केला. कोण किती चुकतो आणि कुणाला निवडायचं. सगळ्या मावशीच निवडल्या असत्या तर काम सोपं होतं, पण ती झाली लबाडी, आणि मी लबाड माणूस नाही. मला फक्त सरासरी बरोबर यायला हवी होती, आणि ती साडेआठ यायला हवी होती. स्टोअरकीपर कमी दाखवतो, तो माझ्या प्रामाणिकपणाचा पुरावा. मावशी जास्त दाखवतात, त्या स्टोअरकीपरवर उतारा. टेम्पोवाला मध्ये. साडेआठ कुठून येणार हा हिशेब तेव्हा मला पूर्ण जमला नव्हता, पण आत्मविश्वास होता. नवीच्या नावापुढे मी ‘अचूक’ लिहिलं आणि निवडीच्या रकान्यात ‘नाही’. कारण लिहिलं नाही. ते मला माहीत होतं.

राहिला बाहेरचा माणूस. आमच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आमचाच काटा वापरतो. पण कॉम्प्युटरवर त्याचं नाव भरलं की तो ‘ग्राहक क्रमांक’ मागे. मॅडम म्हणाल्या, ‘नाव नोंदलं गेलंय, क्रमांक नंतर भरा. तो काट्याच्या बुडाशी पट्टीवर असतो.’ म्हणून संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, म्हणाला, ‘बघा की.’ मी काट्यावरचे कांदे उतरवले, काटा उलटा केला, क्रमांक टिपला, सरळ केला. इथे मी घरी जायला हवं होतं. पण हात कुठे गप्प बसतात? खिशात अर्ध्या किलोचं वजन असतंच माझ्या, रुमालात गुंडाळलेलं. ठेवलं.

‘आठ ग्रॅम कमी दाखवतोय!’ मी म्हणालो.

दुकानात सहा गिऱ्हाइकं होती. सहाही काट्याकडे वळली. वास्तविक काटा आमचा होता आणि उत्तम होता; खालचा ओटा एका बाजूला खचला होता, त्यामुळे काटा कलला होता. मी पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारली आणि हे सगळं नीट समजावून सांगितलं. पण ‘आठ ग्रॅम’ ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय? आणि काटा कमी दाखवतो म्हणजे फायदा गिऱ्हाइकाचाच होत होता, हे तर त्या गडबडीत मलाही सुचलं नाही. एक बाई आपली पिशवी उघडून आत बघायला लागल्या. दुकानदाराचा चेहरा लाल झाला.

‘तुम्हाला माझा अभिप्राय हवाय ना?’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘देतो. अगदी सविस्तर देतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी धावतच मॅडमकडे गेलो. ‘मॅडम, ह्या दुकानदाराचं नाव रद्द करायचंय.’

‘होईल की,’ मॅडम म्हणाल्या. ‘फक्त ज्याचं नाव रद्द करायचं त्याची लेखी संमती लागते.’

‘म्हणजे मी त्याला जाऊन सांगायचं की तू माझ्याबद्दल वाईट लिहिणार आहेस, तर कृपा करून लिहू नकोस म्हणून सही दे?’

‘कारण लिहायची गरज नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘सही पुरते.’

हे झालं फुटकळ. खरा प्रसंग पुढेच होता.

त्यासाठी एक नियम सांगितला पाहिजे. अठरा वर्षांपूर्वी आमच्याकडे वाईट अहवाल गुपचूप कपाटात जायचे. मी भांडून नियम करून घेतला: तपासणी खोलीच्या ट्रेमध्ये ‘तपासणी अहवाल’ अशा मथळ्याचा जो कागद पडेल, त्याच्या तीन प्रती त्याच दिवशी तीन फळ्यांवर लागतील. हॉलमध्ये, स्टोअरमध्ये आणि साहेबांच्या केबिनबाहेर. कुणाला विचारायचं नाही. नियमाला अपवाद नाही. हा नियम माझ्या आयुष्यातली एक अभिमानाची गोष्ट आहे, आजही.

आता सव्वीस वर्षं जो माणूस तक्ता केला की वर ‘तपासणी अहवाल’ लिहितो, खाली खोलीचं तापमान लिहितो, सही करतो आणि ट्रेमध्ये टाकतो, तो माणसांचा तक्ता केल्यावर काय करणार? तेच केलं. माझं मलाही कळलं नाही. आमचा शिपाई नियमाला एकदम पक्का. त्याने ते वाचलंसुद्धा नाही.

सकाळी हॉलमध्ये शिरलो तर फळ्यापुढे ही गर्दी! मला भरून आलं. म्हटलं, चला, शेवटी लोक माझे अहवाल वाचायला लागले. जवळ गेलो.

‘स्टोअरकीपर: शंभराला साठ कमी दाखवतो. जुना दोष. दुरुस्ती होणे नाही. पॅकिंगच्या मावशी: जवळजवळ दुप्पट दाखवतात. काहीही ठेवा, काटा टोकाला. टेम्पोवाले: काटा पाचावर अडकलेला. साहेब: सोमवारी एक, शुक्रवारी दुसरं. स्थिर नाहीत. एरवी वापरले नसते, पण सक्तीचे. नवी: अचूक. निवड: नाही. खोलीचे तापमान सव्वीस.’

खाली माझी सही. चांगली ठळक.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.  स्टोअरकीपर गर्दीतून पुढे आला. ‘साठ?’ तो ओरडला. ‘मी शंभराला साठ कमी दाखवतो? फार फार तर चाळीस!’ मावशींनी पदर डोळ्यांना लावला होता. ‘चांगलं बोलणं हा आता दोष झाला का हो?’ त्या म्हणाल्या, आणि ते मला फार लागलं, अजून लागतं. टेम्पोवाल्याला कुणीतरी विचारलं, ‘अहवाल कसा वाटला?’ तो म्हणाला, ‘पाच.’

सर्वांत जास्त कोण चिडलं असेल, तर ज्यांची नावंच नव्हती ते. हिशेब विभागातला कारकून तावातावाने आला. ‘आम्ही काय तपासायच्याही लायकीचे नाही?’ त्याची समजूत काढायला मी त्याला चहाबद्दल विचारलं. तो साडेपाच म्हणाला आणि ‘मग? किती चूक?’ म्हणून छाती पुढे काढून उभा राहिला. पुढे तीन दिवस माझ्या खोलीबाहेर कप हातात घेऊन माणसं उभी असायची. हिशेबातला एक तर दोनदा आला, सुधारणा झाली का ते बघायला.

साहेब आपल्या केबिनबाहेरच्या प्रतीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी ती दोनदा वाचली. त्या दिवशी शुक्रवार होता.

 दुपारी नवी चिमटा खाली ठेवून म्हणाली, ‘सर, एक विचारू? मी अचूक आहे, तर निवड ‘नाही’ का?’

‘तू प्रमुखाच्या जागेसाठी आहेस ना स्पर्धेत,’ मी एक वजन उगाचच पुसत म्हणालो. ‘नियमात बसत नाही.’

‘नियम मी वाचलाय, सर. बसतं.’

ती पुन्हा कामाला लागली. मला लाज वाटली. सव्वीस वर्षं जो माणूस अचूक काट्यासाठी सगळ्या कंपनीशी भांडला, त्याला स्वतःचं वजन करायची वेळ आल्यावर चुकणारे काटे हवे होते. हे मला कळलं होतंच. पण तिलाही कळलं, ते वाईट झालं.

सोमवारी मी राहिलेला ग्राहक क्रमांक भरून माझी चार नावं पूर्ण केली आणि लगेच कॉम्प्युटरवर निरोप आला. ‘आपली अभिप्रायासाठी निवड झाली आहे.’ निवडणारी व्यक्ती: नवी.

मी मॅडमकडे गेलो. ‘ही आता मुद्दाम करतेय. सूड म्हणून.’

मॅडमनी पडद्यावर काहीतरी उघडलं. ‘नाही हो. सभा संपल्यावर दहा मिनिटांत त्यांनी तुमचं नाव टाकलंय. पहिलंच. तुम्ही स्वतःची चार नावं भरत नव्हतात ना, म्हणून सिस्टीमने निरोप अडवून ठेवला होता. नको असेल तर तुम्ही नाकारू शकता. तुमची सही पुरते.’

दहा मिनिटांत! मी तक्ते करत, चहा पाजत हिंडत होतो, आणि ह्या पोरीने कंपनीतला सगळ्यांत खवट माणूस पहिल्या दहा मिनिटांत निवडला होता. ज्याने अकरा वेळा रडवलं त्याला. मी नाकारलं नाही. नाकारायला मॅडमसमोर सही करावी लागली असती आणि माझा हात उठेना.

अर्जात शेवटचा प्रश्न असा होता: ‘ही व्यक्ती विभागप्रमुख होण्यास योग्य आहे काय? सकारण लिहा.’

आता खुर्ची माझ्या हातात होती. एक शब्द इकडचा तिकडे केला की झालं. खोटं नको, नुसतं थोडं कमी. ‘अनुभव थोडा कमी’ असं काहीतरी. पण कारण तर हवं! म्हणून मी तिचे नऊ वर्षांचे अहवाल काढले. दोन दिवस संध्याकाळी थांबून चार कपाटं उपसली. एका अहवालावर तारखेतला एक आकडा पुसट सापडला तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. भिंग आणून बघितला. आकडा बरोबर होता.

हेडसरांना विचारलं. ते खुशीत आले. ‘‘प्रगती समाधानकारक’ असं लिहा. ह्या दोन शब्दांवर कुठल्याच बापाला भांडता येत नाही, आणि पोरगं वर्षभर मान वर काढत नाही.’

बायको उशीला शेवटचे टाके घालत होती. ‘ती पोरगी कशी आहे कामाला?’ तिने मान वर न करता विचारलं.

‘उत्तम आहे. तोच तर प्रश्न आहे.’

‘मग हे सर काय सांगतायत ते मला काही कळलं नाही,’ ती म्हणाली. हेडसर लवकरच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज उघडला आणि ‘प्रगती समाधानकारक’ असं टाइप केलं. त्याकडे बघत बसलो. एखाद्या काट्यावर मी आयुष्यात कधी ‘समाधानकारक’ लिहिलंय? काटा बरोबर असतो नाहीतर परत जातो. ते शब्द पुसले आणि सवयीने हात चालला: ‘तपासली. योग्य.’ बटण दाबलं. डोळे मिटून घेतले. झालं एकदाचं.

कसलं होतंय! पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘कारण किमान पन्नास शब्दांत लिहावे.’

बघा आता. माणूस एकदा छातीवर दगड ठेवून खुर्ची सोडतो, तर ही सिस्टीम म्हणते, पन्नास शब्दांत सोडा. मग लिहायला बसलो. तिचा पहिला अहवाल लिहिला, अकरा वेळा परत गेलेला. बारावा लिहिला. एकदा मालाची घाई होती, सगळे दारात उभे होते, साहेबसुद्धा, आणि तरी तिने एक काटा पुढे जाऊ दिला नव्हता, ते लिहिलं. मी आजारी होतो तेव्हा दोन महिने खोली तिने एकटीने सांभाळली आणि मी परत आलो तेव्हा प्रत्येक वजन आपल्या खाचेत होतं, हेही लिहिलं. सिस्टीमने मोजले, दोनशे बारा शब्द झाले होते. सव्वीस वर्षांत मी कुणाबद्दल एवढं चांगलं लिहिलं नव्हतं. वाचून मलाच खूप बरं वाटलं. बटण दाबलं.

दोन आठवड्यांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सोमवार होता.

‘बसा,’ साहेब म्हणाले. ‘आधी तुमचे अभिप्राय सांगतो. स्टोअरकीपर लिहितो: माणूस असह्य आहे, पण माझ्या घरचा काटा मी ह्यांच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. मावशी लिहितात: ह्यांनी मला रडवलं, पण ह्यांच्याकडून आलेली पेटी मी कधी उघडून बघत नाही. टेम्पोवाल्याने सगळीकडे पाच दिलेत, पण खाली लिहिलंय की ह्यांचा माल परत आणायला मी कधी गेलो नाही.’

‘आणि दुकानदार?’ मी विचारलं. 

‘दुकानदाराने दोन पानं लिहिलीत. दीड पान शिव्या आहेत, सभ्य भाषेत. मग लिहिलंय की त्या दिवसापासून गिऱ्हाइकं म्हणतात, ह्याच्या दुकानातला काटा कंपनीचा माणूस येऊन तपासून जातो. गिऱ्हाईक वाढलंय.’ साहेबांनी कागद खाली ठेवले. ‘सगळ्यांचं म्हणणं एकच आहे. माणूस त्रासदायक, काम चोख.’

 चार वेगवेगळ्या चुकांचे काटे एकच आकडा दाखवत असतील तर तो आकडा मानावा लागतो. त्रासदायकसुद्धा मानावं लागलं.

‘आता नवीचं,’ साहेब म्हणाले. ‘बाकीच्यांनी तिला दहापैकी दहा दिलेत. गोड पोरगी आहे, सगळे देतात. त्यावर मी काही ठरवलं नसतं. मी नुसता तुमचा अभिप्राय वाचला. दोनदा वाचला.’  ‘तुम्ही ज्याला योग्य म्हणता ते मी आजवर कधी पुन्हा तपासलेलं नाही. आताही तपासणार नाही. प्रमुख ती होईल.’

खोटं कशाला सांगू, आतून हललो. सव्वीस वर्षांची खुर्ची होती ती माझी. उशी तयार होती. उठताना मी म्हणालो, ‘साहेब, माझा शिक्का एवढा चालतो हे आधी सांगितलं असतंत तर...’

‘तर काय केलं असतंत?’

मी विचार केला. ‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘पन्नासच शब्द लिहिले असते.’

घरी गेलो. दारातच बायकोने विचारलं, ‘मिळाली का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘दिली.’

 ती आत गेली आणि उशी घेऊन आली, खळ लावून, इस्त्री करून. ‘उद्या न्या,’ ती म्हणाली. ‘माप खुर्चीचं घेतलं होतंत ना? मग खुर्चीवर कोण बसतंय ह्याच्याशी उशीला काय करायचंय?’ मी चपला काढत होतो. ‘आणि तुम्ही मघाशी विचारलंत ना, तुमच्याबद्दल माझं मत चांगलं आहे का म्हणून,’ ती म्हणाली. ते ‘मघाशी’ महिन्यापूर्वीचं होतं. ‘आहे.’

सकाळी नवी यायच्या आत मी उशी खुर्चीवर ठेवली. ती आली, उशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘सर,’ म्हणाली आणि वळून खिडकी उघडायला गेली. मलाही काही काम आठवलं. दिवसभर आम्ही दोघांनी भरपूर काटे तपासले.

संध्याकाळी मी दिवसाचा अहवाल तिच्या ट्रेमध्ये टाकून निघालो. आता तो तिच्या सहीने पुढे जायचा होता. दाराशी पोचलो तोच मागून आवाज आला. ‘सर, एक मिनिट.’

तिने कागद माझ्यापुढे धरला. तिचे कान लाल झाले होते, पण हात हलत नव्हता. कागदावर लाल पेनने एक गोल होता. गोलात काहीच नव्हतं, कारण तिथे मी काही लिहिलंच नव्हतं. बाजूला लिहिलं होतं: ‘खोलीचे तापमान? परत.’

आयुष्यात पहिल्यांदा माझा कागद परत आला होता.

मी तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या कागदावर अहवाल लिहून दिला, तापमानासकट. परतीचा कागद घरी नेला. बायकोला दाखवला. समोरचं दार वाजवून हेडसरांना दाखवला, ते झोपायच्या तयारीत होते तरी. दुकानदारालाही दाखवला, त्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि मी सांगितलं नसतानाही चष्मा लावून पुन्हा वाचला.

‘म्हणजे तुमची चूक काढली कुणीतरी?’ तो म्हणाला.

‘मग!’ मी म्हणालो. ‘माझ्याच हाताखाली शिकली आहे ती.’